चौघांचा एक स्वर : अमाडेउस क्वार्टेटच्या निमित्ताने

१

कलाकृतीला एकच कर्ता असतो, हे आपल्या समीक्षेने बहुधा न बोलताच गृहीत धरले आहे. कवितेमागे कवी असतो, कादंबरीमागे कादंबरीकार असतो, ख्यालामागे गायक असतो. नाटकासारख्या उघडउघड सामूहिक कलेकडे वळतानाही आपण प्रथम नाटककाराकडे जातो आणि संहितेचे विवेचन झाल्यावर प्रयोगासाठी दोन परिच्छेद राखून ठेवतो. अनेकांनी मिळून घडवलेल्या आणि त्यांपैकी कोणा एकाचीच म्हणता येणार नाही अशा निर्मितीसमोर आपली परिभाषा अडखळते. 'सहकार्य', 'साथ', 'समन्वय' असे शब्द आपण वापरतो. पण ते सौजन्याचे शब्द आहेत, सौंदर्यविचाराचे नव्हेत. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका विशिष्ट वादकसमूहाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रयत्न आहे. हा समूह म्हणजे १९४७ ते १९८७ अशी चाळीस वर्षे, एकही सदस्य न बदलता वादन केलेला लंडनचा अमाडेउस क्वार्टेट.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात ज्याला 'चेंबर म्युझिक' म्हणतात, त्याचे शब्दशः भाषांतर 'दालनातले संगीत' असे होईल. चर्चमधील उपासनेसाठी नसलेले, ऑपेराच्या रंगमंचासाठी नसलेले, मोजक्या वादकांनी मोजक्या श्रोत्यांसमोर आणि पुष्कळदा केवळ स्वतःच्या आनंदासाठी वाजवायचे हे संगीत आहे. त्याची जवळीक आपल्या बैठकीच्या कल्पनेशी आहे. मात्र हे साम्य दालनाच्या उंबरठ्यापर्यंतच टिकते. आपल्या बैठकीत मुख्य कलावंत एक असतो. तबला, सारंगी वा संवादिनी त्याच्या सोबतीला असतात आणि साथ कितीही समर्थ असली तरी ती साथच असते. जुगलबंदीत दोन मुख्य कलावंत येतात. पण तिची भूमिका बहुधा आळीपाळीची, चढाओढीची असते. दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्या क्वार्टेटमध्ये मुख्य आणि साथीदार हे नाते स्थिर नसते. आता जो मुख्य आहे तो चार मात्रांनंतर आधार देऊ लागतो आणि ज्याच्याकडे आपले लक्षही नव्हते तो मधला स्वर सगळ्या रचनेचा अर्थ बदलून टाकतो.

हायडनने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रकाराला त्याचे रूप दिले. त्याने साठाहून अधिक क्वार्टेट लिहिले. मोझार्टने त्यांपासून धडा घेऊन सहा क्वार्टेट रचले आणि १७८५ साली ते हायडनलाच अर्पण केले. बेथोवनच्या काळात हे संगीत दालनाबाहेर पडले. शुपान्त्सिग या व्हायोलिनवादकाने १८०४-०५ च्या सुमारास व्हिएन्नात क्वार्टेटवादनाचे जाहीर कार्यक्रम सुरू केले. तेव्हापासून या प्रकारात एक अंतर्विरोध आहे : जे मुळात एकमेकांशी बोलण्यासाठी लिहिले गेले, ते तिसऱ्याने तिकीट काढून ऐकायचे. गटेने १८२९ साली आपला मित्र त्सेल्टर याला लिहिलेल्या पत्रात चार समंजस माणसांच्या संभाषणाची उपमा क्वार्टेटला दिली, ती पुढे फार प्रसिद्ध झाली. संभाषण सुरू आहे आणि आपण शेजारच्या खोलीतून ते ऐकतो आहोत, असा त्या उपमेचा भाव. तिच्यातील 'समंजस' हा शब्द मात्र मला नेहमीच थोडा फसवा वाटत आला आहे. त्याचे कारण अमाडेउस क्वार्टेटच्या इतिहासात सापडते.

२

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला आणि व्हिएन्नातील ज्यू कुटुंबांचे जगणे एका आठवड्यात उलटेपालटे झाले. ज्यांना शक्य झाले ते देश सोडून गेले. इंग्लंडला पोहोचलेल्यांमध्ये तीन किशोरवयीन व्हायोलिनवादक होते : व्हिएन्नात जन्मलेले नॉर्बर्ट ब्रायनिन (जन्म १९२३), म्युनिकमध्ये जन्मून व्हिएन्नात वाढलेले झिग्मुंड निसेल (जन्म १९२२) आणि ऑस्ट्रियातीलच पीटर शिडलॉफ (जन्म १९२२). ज्या राजवटीपासून हे पळून आले, तिच्याशी युद्ध सुरू होताच इंग्लंडने त्यांनाच 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर अशा हजारो निर्वासितांना स्थानबद्ध करण्यात आले. श्रॉपशायरमधील प्रीस हीथच्या छावणीत ब्रायनिन आणि शिडलॉफ भेटले. पुढे आइल ऑफ मॅन बेटावरील ऑन्कन छावणीत शिडलॉफ यांची निसेल यांच्याशी गाठ पडली. एका जागतिक कीर्तीच्या वादकसमूहाची पहिली ओळख अशी काटेरी तारांच्या आत झाली.

स्थानबद्धतेतून सुटल्यावर तिघेही माक्स रोस्टाल या गुरूकडे एकत्र आले. रोस्टाल स्वतः निर्वासित होते आणि या मुलांकडून त्यांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. चौथे सदस्य मार्टिन लव्हेट (जन्म १९२७) हे लंडनमध्ये जन्मलेले चेलोवादक. वयाने सर्वांत लहान आणि निर्वासित नसलेले एकटेच. चौघे जमले तेव्हा एक अडचण उभी राहिली. तीन व्हायोलिने आणि एक चेलो यांचा क्वार्टेट होत नाही. शिडलॉफ यांनी व्हायोलिन सोडून व्हिओला हाती घेतला. व्हिओला हे आकाराने थोडे मोठे, आवाजाने खर्जाकडे झुकलेले आणि एकल वादनाच्या कीर्तीपासून बरेचसे दूर असलेले वाद्य. एका उमद्या व्हायोलिनवादकाने केलेला हा त्याग होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यागाची भाषा येथे अपुरी पडते. शिडलॉफ यांचा व्हिओला ऐकणाऱ्याला हे वाद्य त्यांनी नाइलाजाने स्वीकारले असे क्षणभरही वाटत नाही. समूहाच्या गरजेतून त्यांना स्वतःचा आवाज सापडला. 'समूहात व्यक्तित्व विरघळते' या प्रचलित समजुतीला हे पहिले उत्तर आहे.

१९४७ च्या उन्हाळ्यात डार्टिंग्टन येथे त्यांनी पहिले वादन केले, तेव्हा त्यांचे नाव 'ब्रायनिन स्ट्रिंग क्वार्टेट' असे होते. संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या कन्या इमोजेन होल्स्ट या तेथे होत्या. लंडनच्या विगमोर हॉलमधील पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी त्यांनी शंभर पौंडांची तजवीज केली आणि १० जानेवारी १९४८ रोजी हे चौघे 'अमाडेउस क्वार्टेट' या नव्या नावाने रंगमंचावर आले. अमाडेउस हे मोझार्टचे मधले नाव. पहिल्या व्हायोलिनवादकाचे नाव समूहाला देण्याची प्रथा जुनी होती. शुपान्त्सिगपासून योआखिम आणि बुशपर्यंत ती चालत आली होती. नाव बदलताना या तरुणांनी प्रमुखाचे नाव काढून संगीतरचनाकाराचे नाव लावले. या समूहाचा स्वामी त्यातला कोणी नाही, समोरच्या स्टँडवर ठेवलेली संहिता आहे, असे त्या नावाने सुचवले. प्रत्यक्षात असे पूर्णपणे घडले का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे आपल्याला परत यावे लागेल.

३

आता एका विचित्र वस्तुस्थितीचा विचार केला पाहिजे. ज्या शहराने या तिघांना हाकलले, त्याच शहराचे संगीत त्यांनी आयुष्यभर वाजवले. हायडन, मोझार्ट, बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स ही नावे व्हिएन्नाशी निगडित आहेत आणि अमाडेउसच्या कार्यक्रमांचा कणा याच पाच नावांचा होता. शिवाय १९५० पासूनच ते जर्मनीत जाऊन वादन करू लागले. त्यांचे बहुतेक ध्वनिमुद्रण डॉइश ग्रामोफोन या जर्मन कंपनीने केले. बेथोवनच्या सर्व क्वार्टेटांचे त्यांचे मुद्रण १९५९ ते १९६३ या काळात याच कंपनीसाठी झाले. उत्तरायुष्यात त्यांनी कोलोन येथे जर्मन विद्यार्थ्यांना शिकवले. युद्ध संपून पाच वर्षेही पुरती झालेली नसताना हे कसे शक्य झाले असेल?

याचे सोपे उत्तर म्हणजे 'कला ही राजकारणाच्या पलीकडे असते'. हे उत्तर मला स्वीकारता येत नाही. ज्या देशात छळछावण्यांचे अधिकारीही बेथोवन ऐकत होते, त्या देशाच्या बाबतीत तर ते मुळीच खरे नाही. मला वाटते, अमाडेउसच्या कृतीचा अर्थ त्याच्या उलट आहे. ती क्षमा नव्हती, विस्मरणही नव्हते. तो एक दावा होता. नाझी राजवटीने या परंपरेवर रक्ताची मालकी सांगितली होती : बेथोवन आमचा, तुमचा नाही. व्हिएन्नातून हाकललेल्या तीन ज्यू तरुणांनी एका लंडनकराला सोबत घेऊन हेच संगीत असे वाजवले, की ऐकणाऱ्यांना व्हिएन्नाचा खरा उच्चार तेथेच सापडला. परंपरा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी घोषणा न करता, वादनाने दिले.

भारतीय वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडेही १९४७ नंतर माणसे एका बाजूला आणि त्यांची भाषा, त्यांची शहरे दुसऱ्या बाजूला अशी विभागणी झाली. सआदत हसन मंटो १९४८ च्या आरंभी मुंबई सोडून लाहोरला गेला, पण मुंबई त्याच्या लेखनातून गेली नाही. निर्वासिताला सोबत नेता येते ते सामान फार थोडे असते. भाषेचा उच्चार आणि स्वराचा लगाव ही त्यांतली सर्वांत टिकाऊ वस्तू.

याच उलथापालथीची एक लाट मुंबईलाही पोहोचली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. कार्ल्सबाड येथे १९०७ साली जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईत आले. त्यांनी येथे 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताची धुरा सांभाळली आणि भारतीय संगीताचा अभ्यासही केला. पिढ्यान् पिढ्या सकाळी ऐकलेली आकाशवाणीची संकेतधून त्यांच्याच नावावर सांगितली जाते. त्यांच्यासोबत वाजवणारे मेहली मेहता यांनी १९४० मध्ये 'बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट' सुरू केला. १९४५ मध्ये मेहता अमेरिकेला गेले, १९४६ मध्ये काउफमान यांनी भारत सोडला. हा प्रवाह मुंबईच्या मराठी सांस्कृतिक जीवनात फारसा मिसळला नाही. पण युरोपातील विस्थापनाने जे संगीत जगभर विखुरले, त्याचा एक धागा आपल्याही शहरातून गेला होता, एवढे भान असणे बरे.

४

वादनाविषयी बोलताना साहित्याच्या अभ्यासकाने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. तरीही बा. सी. मर्ढेकरांनी आपल्याला एक साधन दिलेले आहे. कलाकृतीच्या घटकांमधील संबंध संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी बांधलेले असतात, हा त्यांचा लयविचार. साहित्याला तो लावताना शब्दार्थाच्या अडचणी येतात आणि त्यांवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. क्वार्टेट ऐकताना मात्र हा विचार जणू याच कलाप्रकारासाठी मांडला गेला असावा असे वाटू लागते.

मोझार्टने हायडनला अर्पण केलेल्या सहा क्वार्टेटांपैकी शेवटचा, के. ४६५, 'विसंवादी' या नावाने ओळखला जातो. त्याचा आरंभ आपल्या स्वरनामांत सांगता येईल. चेलो षड्ज धरून तोच स्वर पुन्हा पुन्हा वाजवतो. त्यावर व्हिओला कोमल धैवत घेऊन येतो, मग दुसरे व्हायोलिन कोमल गंधार आणते. येथवर कान एका करुण, सुसंगत अपेक्षेत स्थिरावू लागतो. तोच पहिले व्हायोलिन वरच्या सप्तकातून शुद्ध धैवत लावते. व्हिओलाने आपला कोमल धैवत नुकताच सोडलेला असतो, पण तो आपल्या कानातून गेलेला नसतो. हा विसंवाद प्रत्यक्षात जितका आहे, त्याहून अधिक स्मृतीत आहे. बावीस मात्राखंडांच्या या धूसर प्रस्तावनेनंतर निर्मळ, उजळ असा मुख्य भाग सुरू होतो.

अमाडेउसच्या वादनात हा आरंभ ऐकताना लक्षात येते ते हे, की चौघांपैकी कोणीही आपला स्वर इतरांच्या स्वरात मिसळून टाकण्याची घाई करत नाही. काही क्वार्टेटांत चारही वाद्ये एकाच लाकडाची वाटतात. सगळ्यांचा पोत मुद्दाम एकसारखा राखलेला असतो. अमाडेउसचा एकस्वर या प्रकारचा नाही. ब्रायनिन यांचा स्वर रुंद, कंपयुक्त, गाण्याकडे झुकणारा. लव्हेट यांचा चेलो मोकळा आणि स्पष्ट. शिडलॉफ यांच्या व्हिओलात एक दाट, सावळा रंग. आणि या तिघांच्या मध्ये निसेल यांचे दुसरे व्हायोलिन, जे ऐकू येण्यापेक्षा जाणवते अधिक. दुसऱ्या व्हायोलिनची भूमिका ही क्वार्टेटमधील सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी गौरवली गेलेली भूमिका आहे. वरच्या आवाजाला उंची आणि खालच्या आवाजाला खोली त्याच्यामुळे कळते. निसेल यांनी ती चाळीस वर्षे सांभाळली आणि समूहाच्या व्यवहाराचा भारही पुष्कळसा त्यांनीच वाहिला.

बेथोवनच्या ओपस १३२ मधील तिसरा भाग हे दुसरे उदाहरण. १८२५ मध्ये गंभीर आजारातून उठल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि दुखण्यातून सावरलेल्या माणसाचे ईश्वराला कृतज्ञतास्तोत्र असे त्याचे वर्णन संहितेवरच नोंदवले. त्यासाठी त्याने लिडियन ही जुनी, चर्चमधील स्वरपद्धती निवडली. मध्यम तीव्र असलेली ही सप्तकरचना आपल्या कल्याण थाटाशी स्वरशः जुळते. अर्थात हे साम्य स्वरांचे आहे, रागाचे नाही. कल्याणात तीव्र मध्यमाला चलनातून आणि न्यासातून अर्थ येतो. बेथोवनच्या स्तोत्रात तो चार आवाज एकाच वेळी हलण्यातून येतो. या भागात स्तोत्र तीनदा येते, दर वेळी अधिक सूक्ष्म गुंफणीने. आणि मध्ये दोनदा, नवी शक्ती जाणवू लागल्याचा एक चैतन्यपूर्ण भाग येतो. अमाडेउस हे स्तोत्र वाजवताना काही कडक समीक्षकांना हवी असते तशी निर्विकार शुभ्रता राखत नाहीत. त्यांच्या स्वरात ऊब असते, दोन स्वरांमधला प्रवास किंचित ऐकू येतो. आजारी माणूस येथे संत झालेला नाही. तो माणूसच आहे आणि त्याला बरे वाटते आहे. मला हा अन्वयार्थ अधिक खरा वाटतो.

पण याच गुणातून त्यांची मर्यादाही निघते. ही ऊब सर्वत्र समान प्रमाणात आली की हायडनच्या विनोदाची धार बोथट होते आणि मोझार्टवर एकोणिसाव्या शतकाची छाया पडते. विशेषतः जुन्या वाद्यांवर, जुन्या वादनपद्धतीने हेच संगीत वाजवणाऱ्या नंतरच्या समूहांची सवय झालेल्या श्रोत्याला अमाडेउसचा मोझार्ट थोडा जड वाटू शकतो. तसेच, नाव बदलूनही पहिल्या व्हायोलिनचे वर्चस्व पुरते गेले नाही, हे मान्य केले पाहिजे. ब्रायनिन यांच्या व्यक्तित्वाचा झोत असा आहे, की रचनेने समता मागितली असतानाही कान त्यांच्याकडे ओढला जातो. त्यांच्या तालमी वादांनी भरलेल्या असत, हे चौघांनीही कधी लपवले नाही. गटेच्या उपमेतील 'समंजस' या शब्दाविषयी मी जी शंका व्यक्त केली ती यामुळे. येथील समंजसपणा हा स्वभावाचा गुण नव्हता. तो रोज वाद घालून, रोज नव्याने मिळवावा लागत होता. आणि कदाचित म्हणूनच त्यांच्या वादनात संवाद हा विरोधाला झाकत नाही, त्याला सोबत घेऊन चालतो.

५

परंपरेशी नाते जोडण्याची हीच एक रीत होती असे नाही. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेला आणि योगायोगाने १९८७ मध्येच थांबलेला लासाल क्वार्टेट या संदर्भात तुलनेला घेता येतो. त्याचे प्रमुख वॉल्टर लेव्हिन हे बर्लिनमधून १९३८ साली बाहेर पडलेले. दुसरे व्हायोलिनवादक हेन्री मायर हे आउशवित्झमधून जिवंत परतलेले. या समूहाने व्हिएन्नाच्या दुसऱ्या परंपरेला, म्हणजे शोनबर्ग, बर्ग आणि वेबर्न यांच्या संगीताला, प्रतिष्ठा मिळवून दिली आणि लुतोस्वावस्की, लिगेटी, नोनो यांच्या नव्या रचना प्रथम जगापुढे आणल्या. विस्थापनाच्या जवळजवळ एकाच अनुभवातून एका समूहाने वारसा राखण्याचा मार्ग घेतला, दुसऱ्याने वारसा तोडून पुढे नेणाऱ्यांची बाजू घेतली. अमाडेउसच्या कार्यक्रमांत आधुनिकांना जागा थोडी होती, हा आक्षेप लासालशेजारी ठेवला की अधिक ठळक होतो. तो मी खोडून काढणार नाही. फक्त एवढेच म्हणेन, की या आक्षेपाला एक मोठा अपवाद आहे.

तो अपवाद म्हणजे बेंजामिन ब्रिटन यांचा तिसरा क्वार्टेट. १९७५ च्या अखेरीस, गंभीर हृदयविकाराने खचलेल्या अवस्थेत, ब्रिटन यांनी ही रचना लिहिली. तिचा शेवटचा भाग व्हेनिसमध्ये पूर्ण झाला. अमाडेउसने ती त्यांना त्यांच्या घरी वाजवून दाखवली. ४ डिसेंबर १९७६ रोजी ब्रिटन वारले आणि १९ डिसेंबरला स्नेप येथे अमाडेउसने तिचे पहिले जाहीर वादन केले. रचना पाच भागांची आहे. पहिल्या भागाचे नावच 'द्वंद्वे' असे आहे : चार वाद्यांतून जितक्या जोड्या संभवतात, त्या साऱ्या तेथे आळीपाळीने समोर येतात. मधल्या भागात एकटे पहिले व्हायोलिन उंच, विरळ हवेत तरंगते आणि बाकीचे तिघे त्याला केवळ जमीन देतात. शेवटच्या भागात एक आकृती खालच्या स्वरात पुन्हा पुन्हा फिरते, वर आवाज येतात आणि विझतात. आणि अखेर जे येते त्याला विसावा म्हणता येत नाही. क्वार्टेट म्हणजे काय, याविषयीचा विचार क्वार्टेटच्याच रूपात मांडणारी ही कृती आहे : दोघांचे नाते, एकट्याचा एकांत आणि चौघांचा शेवट. ती अमाडेउसच्या वाट्याला आली हे मला त्यांच्या साऱ्या कार्याचे फलित वाटते.

ही रचना ब्रिटन यांनी हान्स केलर या समीक्षकाला अर्पण केली. केलर हेही १९३८ मध्ये व्हिएन्नातून निसटलेले आणि इंग्लंडमध्ये स्थानबद्धता भोगलेले. क्वार्टेट हा त्यांच्या चिंतनाचा आयुष्यभराचा विषय होता. १९५७ साली त्यांनी नभोवाणीवर एक प्रयोग केला. मोझार्टच्या के. ४२१ या क्वार्टेटचे विश्लेषण त्यांनी शब्दांत न करता स्वरांतच केले. मूळ भागांच्या मध्ये स्वतः लिहिलेले वाद्यवादन योजून त्यांनी मोझार्टच्या वरवर भिन्न वाटणाऱ्या कल्पनांमधील आंतरिक एकता ऐकवून दाखवली. समीक्षेत एकही शब्द नव्हता. साहित्यसमीक्षकाला हा प्रयोग अस्वस्थ करणारा आहे. कलाकृतीविषयी बोलण्यासाठी आपण दुसरी भाषा आणतो आणि ती दुसरी भाषाच पुष्कळदा कलाकृतीची जागा घेते. केलर यांचा मार्ग साहित्याला जसाच्या तसा चालणार नाही. कवितेची समीक्षा कवितेत करता येत नाही. पण कलाकृतीच्या बाहेरून आणलेल्या कल्पनांपेक्षा तिच्याच अंगभूत तर्काने तिचा उलगडा करावा, ही त्यांची मागणी आपल्यालाही लागू आहे. आणि आणखी एक गोष्ट : उत्तम क्वार्टेटमधील प्रत्येक वादक हा केलरच्या अर्थाने समीक्षकच असतो. शेजारच्याने वाक्य कसे म्हटले हे ऐकून तो आपले वाक्य बदलतो. त्याचे वादन हेच त्याचे भाष्य.

६

ऑगस्ट १९८७ मध्ये पीटर शिडलॉफ यांचे आकस्मिक निधन झाले. उरलेल्या तिघांनी दुसरा व्हिओलावादक घेतला नाही. अमाडेउस क्वार्टेट तेथे संपला.

हा निर्णय स्वाभाविक वाटतो, पण तो अपरिहार्य नव्हता. १९१७ साली बहुतांश हंगेरियन वादकांनी स्थापन केलेल्या बुडापेस्ट क्वार्टेटमध्ये एकेक जण बदलत अखेर चौघेही रशियात जन्मलेले वादक आले आणि तरीही १९६७ पर्यंत तो बुडापेस्ट क्वार्टेटच राहिला. इतर अनेक समूहांनी सदस्य बदलून आपले आयुष्य वाढवले आहे. या पद्धतीमागील कल्पना आपल्याला परिचित आहे : घराणे टिकते, माणसे येतात आणि जातात. गायकी गुरूकडून शिष्याकडे जाते, तिच्यात भर पडते, काही गळते, पण नाव चालू राहते. घराण्याच्या कल्पनेत सातत्य हे मूल्य आहे.

अमाडेउसने वेगळे मूल्य मानले. त्यांच्या दृष्टीने समूह म्हणजे शैली नव्हती, संस्था नव्हती. या चार माणसांचे परस्परसंबंध म्हणजेच समूह. त्यांतला एक गेला तर तीन चतुर्थांश उरत नाही, कारण उरलेल्या तिघांचा प्रत्येक स्वर त्या चौथ्याला ऐकून घडलेला असतो. येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अमाडेउसच्या वादनाचा कर्ता ब्रायनिन नव्हते, चौघांची बेरीजही नव्हती. तो त्यांच्यामधला संबंध होता. संबंधाला कर्तृत्व देणे आपल्या समीक्षेला जड जाते, कारण आपण कर्तृत्व नेहमी व्यक्तीत किंवा परंपरेत शोधतो. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे आणि नाटकाचा प्रयोग, भजनी मंडळातील गाणे, दोन लेखकांनी मिळून केलेले भाषांतर, कवी आणि संगीतकार यांच्यातून जन्मलेले भावगीत अशा आपल्याच कितीतरी निर्मिती त्या जागेत उभ्या आहेत. त्यांच्याविषयी आपण लिहिले आहे, पण बहुधा त्यांतल्या एकाला निवडून.

या उत्तराची किंमतही सांगितली पाहिजे. जे केवळ संबंधात जगते ते वारसा म्हणून सोपवता येत नाही. उरलेल्या तिघांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि अन्यत्र तरुण क्वार्टेटांना शिकवले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी पुढे नाव मिळवले. पण ते त्यांचे शिष्य झाले, वारस झाले नाहीत. ब्रायनिन २००५ मध्ये गेले, निसेल २००८ मध्ये आणि लव्हेट २०२० मध्ये. आता उरल्या आहेत त्या ध्वनिमुद्रिका. त्यांत चौघांचे वाद नाहीत, दुसऱ्या रात्री वेगळे वाजण्याची शक्यता नाही. एका संध्याकाळी जे जुळले तेवढेच गोठलेले आहे. संहिता मात्र आहेच, आणि ती पुन्हा कोणत्याही चौघांची वाट पाहते आहे.

प्रयोगकलांच्या अभ्यासकाला या दोन गोष्टींमध्येच काम करावे लागते : एकीकडे कोणाचीही नसलेली संहिता, दुसरीकडे पुन्हा न येणारा प्रयोग. अमाडेउस क्वार्टेटचा इतिहास आपल्याला या पेचातून सोडवत नाही. पण त्या दोहोंना जोडणारी वस्तू कोणती, हे तो दाखवतो. ती म्हणजे माणसांनी एकमेकांना दीर्घकाळ, वाद घालत, मन लावून ऐकणे. छावणीत भेटलेल्या मुलांनी ते एका लंडनकराच्या साथीने चाळीस वर्षे केले, आणि ज्या शहराने त्यांना बाहेर काढले होते, त्याचे संगीत त्या ऐकण्यातून त्यांचे झाले.